इंग्रजी अमलातील वऱ्हाड: शेतीच्या मुलखातला व्यापार, कारागिरी आणि कारखाने

प्रश्न असा आहे: "आमचे गाव खामगावपासून काही कोसांवर आहे. गावाचा इतिहास लिहायला घेतला आहे. इंग्रजी अमलात वऱ्हाडात शेतीखेरीज काय चालत होते, गावातले कारागीर कशामुळे बसले, आणि कापसाचा पैसा नेमका कुणाच्या हाती जात होता? कुठून सुरुवात करावी?"

वऱ्हाडातील बाजारपेठा आणि जुने महसुली कागद हाच माझ्या अनेक वर्षांच्या कामाचा विषय असल्यामुळे सविस्तर लिहितो. "इंग्रज आले, गिरणीचे कापड आले आणि गावचे उद्योग बुडाले" हे वाक्य गावोगावच्या इतिहासात तयार सापडते. ते खोटे नाही, पण त्यावर समाधान मानले तर आपल्या गावात काय घडले हे कधीच कळत नाही. माझ्या अनुभवात प्रत्येक धंद्याला एकच प्रश्न विचारला की पुष्कळसे उलगडते: हा माल घेणारा कोण होता आणि तो किती लांब राहत होता? गावातल्या शेतकऱ्यासाठी राबणारा कारागीर बहुधा टिकला, दूरच्या गिऱ्हाइकावर अवलंबून असलेला आधी उखडला, आणि ज्याचा माल दूरच्या गिऱ्हाइकाला हवाच होता त्याच्या हातातले काम रेल्वेच्या स्टेशनाजवळ जाऊन बसले.

आधी एक व्यवहारातली सूचना. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला आणि त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडे, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीकडे, गेला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ पर्यंत वऱ्हाडात अमरावती, अकोला, एलिचपूर (आजचे अचलपूर), बुलढाणा, वाशीम आणि वणी असे सहा जिल्हे होते, त्यांचे मग चार झाले. खामगाव आज बुलढाणा जिल्ह्यात असले तरी १९०५ पूर्वी ते अकोला जिल्ह्यात मोडत होते. म्हणून त्याआधीचे कागद बुलढाण्याच्या दप्तरात शोधत बसलात तर हाती फारसे लागणार नाही. अकोल्याचे कागद पाहा. जमीन महसुलाची पद्धत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी होती, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेतला जाई, त्यामुळे नागपूरकडच्या मालगुजारी गावांबद्दल (जिथे तो मालगुजार भरे) लिहिलेले इकडे जसेच्या तसे लागू पडत नाही.

रेल्वेच्या आधीचा वऱ्हाड काही बंदिस्त मुलूख नव्हता. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल लांब गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात होता, आणि तो नेणारे बंजाऱ्यांचे तांडे परतताना इतर माल आणत. मुंबईच्या दिशेने मोठ्या प्रमाणावर कापूस पाठवण्याची सुरुवात १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी यांच्या पारशी पेढीने केली. खामगावचा कापूस बाजार त्याच काळात आकाराला आला. म्हणजे "कापूस इंग्रजांनी आणला" असे म्हणता येत नाही. इंग्रजी अमलात कापसाचे प्रमाण, त्याची दिशा आणि त्यावर होणारी प्रक्रिया कुठे व्हावी हे बदलले.

त्या जुन्या व्यापारातला एक माल मुद्दाम सांगतो, कारण त्याबद्दल फार कमी लिहिले जाते. लोणारच्या सरोवराचे पाणी उन्हाळ्यात आटू लागले की काठाच्या चिखलातून आणि उथळ पाण्यातून खार गोळा करत. गोळा करणाऱ्यांनी त्याची वेगवेगळी प्रत ठरवलेली होती आणि प्रत्येक प्रतीला नाव होते: डल्ला, निमक, खुप्पल, पपडी, भुस्की. शुद्धतेप्रमाणे आणि घट्टपणाप्रमाणे त्यांचा भाव वेगळा आणि उपयोगही वेगळा. कुठला खार साबणाला, कुठला बांगडीच्या काचेला, कुठला कापड रंगवण्याच्या कामाला, तर कुठला पापडात जाई. अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीतही या भागात काच आणि साबण यांना लागणारे सारे पदार्थ मिळतात अशी नोंद आहे. एका खाऱ्या तळ्यावर इतके धंदे उभे होते. पुढे कारखान्यात बनलेला सोडा स्वस्तात येऊ लागला आणि या खाराचे दूरचे गिऱ्हाईक गेले. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, दहीहंड्याच्या बाजूला, खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत. तेही समुद्राचे मीठ रेल्वेने येऊ लागल्यावर आणि मिठावरच्या सरकारी बंधनांखाली बंद पडले. आज त्या पट्ट्यातल्या लोकांना खारे पाणी म्हणजे फक्त शाप वाटतो, कधीकाळी त्यावर घरे चालत होती हे गावाच्या इतिहासात यायला हवे.

आता कापसाकडे वळू. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव अचानक चढले. त्या वर्षांत वऱ्हाड-नागपुरात इतकी चांदी आली की कुणी नांगराला चांदीचा फाळ लावला, कुणी बंडीच्या (बैलगाडीच्या) चाकाला चांदीची धाव, म्हणजे चाकाभोवतीची पट्टी, चढवली अशा गोष्टी सांगितल्या जात. चांदीची धाव खरोखर किती चाकांना बसली असेल ते असो, पण त्या काळी रोकड किती खेळली याची खूण म्हणून या गोष्टीकडे पाहावे. युद्ध संपताच भाव कोसळले. तोवर भुसावळकडून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे वऱ्हाडात शिरली होती आणि १८६७ मध्ये ती नागपूरला पोहोचली. खामगाव मुख्य मार्गापासून बाजूला पडले होते, म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे ८ मैलांचा फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो खुला झाला. बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटाही पाठोपाठ आला. फक्त कापसासाठी सरकार एका गावाला रेल्वे देते आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय येतो, यावरून त्या मालाचे साम्राज्याच्या हिशेबातले वजन कळते. त्याच वर्षी समुद्राखालून येणारी तार मुंबईला जोडली गेली, आणि लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर कळू लागला. तो आधी कळे पेढीवाल्याला. बंडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला तो कळत नसे, आणि या फरकावर पुष्कळांनी पैसा केला.

कारखाना गावात कसा शिरला हे पाहायचे असेल तर सरकी काढण्याच्या कामाकडे पाहावे. पूर्वी हे काम घराघरांत रेच्यावर होत असे. दोन रूळ, एक फिरवण्याचा दांडा, समोर बसलेली बाई. कापूस रुळांत धरला की रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे पडते. दिवसभर बसून जेमतेम काही पौंड रुई निघे. काम संथ होते, पण त्याची मजुरी गावातल्या बाईला मिळत होती, सरकी शेतकऱ्याच्या घरातच राहत होती, आणि त्या सरकीतूनच पुढल्या वर्षीचे बी निवडले जात होते. उरलेली सरकी दुभत्या जनावरापुढे जाई. मग वाफेवर चालणारे जिनिंगचे कारखाने आले, ज्यांना आपल्याकडे नुसते "जीन" म्हणतात. त्यातले मॅकार्थी पद्धतीचे यंत्र तत्त्वाने साधे आहे: चामडे बसवलेला रूळ फिरत असतो, त्याला घासून एक स्थिर सुरी बसवलेली असते, आणि तिच्यासमोर दुसरी सुरी वरखाली हलते. रुळाचे चामडे तंतू ओढून सुरीखालून नेते, सरकी सुरीच्या धारेपाशी अडते आणि हलती सुरी तिला ठोकून खाली पाडते. प्रत्येक यंत्रापाशी हाताने कापूस भरायला एक बाई असे. म्हणजे घरातला रेचा सुटला आणि काम जिनमध्ये गेले तरी ते करणारे हात बहुतांशी बायकांचेच राहिले. फरक इतकाच की वेळ आता तिच्या हातात नव्हता, भोंग्याच्या हातात होता.

हा फरक किती क्रूर होता हे सरकारी कागदांतच सापडते. मुंबई इलाख्याच्या १८८४-८५ च्या कारखाना आयोगापुढे शेजारच्या खानदेशातल्या जिनांबद्दल साक्ष झाली. हंगामात त्याच बाया रात्रंदिवस, सलग कित्येक दिवस राबत असल्याचे तिथे खुद्द कारखान्याच्या बाजूच्या माणसाने सांगितले आहे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होता आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त न चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते. बहुतेक जिना हंगामी आणि लहान असल्यामुळे त्या कायद्याच्या बाहेरच राहिल्या. बायकांच्या रात्रपाळीवर बंदी घालताना १९११ च्या कायद्यानेही जिन आणि प्रेसना (रुईच्या गाठी दाबणाऱ्या कारखान्यांना) सवलत ठेवली. आपल्या गावच्या बाया हंगामात जिनवर जात असतील तर त्यांचा इतिहास कारखान्याच्या मालकाच्या इतिहासाआधी लिहावा असे माझे स्पष्ट मत आहे. मालकांची नावे पाट्यांवर आहेत. बायांची कुठेच नाहीत.

जिनने शेतीवर केलेला परिणाम मजुरीच्या प्रश्नाइतकाच खोल आहे. जिनमध्ये दहा गावांचा कापूस एका ढिगात पडतो, म्हणून निघणारी सरकीही मिसळलेली असते. तीच बी म्हणून परत शेतात गेली की वाणाची शुद्धता एक-दोन हंगामांत जाते. वऱ्हाड आणि हिंगणघाटच्या बाजूला बनी नावाचा चांगल्या, लांब धाग्याचा वाण होता, पण त्याचा उतारा कमी, म्हणजे कापसाच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त रुई निघे. आखूड आणि जाड धाग्याच्या वाणांचा उतारा ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जात होता, आणि पीकही खात्रीचे येई. जिनवाला आणि व्यापारी वजनावर खरेदी करत होते, बनीच्या धाग्याला शेतकऱ्याच्या हातात पुरेसा जास्त भाव पडत नव्हता, तेव्हा शेतकऱ्याने आखूड धाग्याचा कापूस पेरला. शिवाय १८९० च्या दशकात जपानच्या गिरण्यांची मागणी वाढली. १८९३ मध्ये जपानची बोट कंपनी मुंबईपर्यंत नियमित येऊ लागली, आणि त्या गिरण्यांना आखूड धागा चालत होता. सरकारी अहवाल यावर शेतकऱ्याच्या अज्ञानाचा ठपका ठेवतात. मला ते मान्य नाही. ज्या बाजारात वजन तोलले जात होते आणि धागा पाहिला जात नव्हता, त्या बाजारात शेतकऱ्याने घेतलेला निर्णय हिशेबाला धरूनच होता. पुढे कृषी खात्याला अकोल्यात वाणांच्या निवडीचे आणि शुद्ध बियाण्याचे काम हाती घ्यावे लागले, ते या नुकसानीची भरपाई म्हणूनच.

जिनच्या शेजारी प्रेस. मुंबईच्या बाजारात रुईची खंडी ७८४ पौंडांची, आणि गाठ त्याच्या निम्मी, ३९२ पौंडांची धरली जाई. गावात पायांनी तुडवून भरलेला बोजा फुगलेला असतो. आगबोटीचे भाडे जागेवर ठरते, म्हणून रुई दाबून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून पाठवणे परवडते. प्रेस मुंबईला असण्याऐवजी खामगाव, अकोला, अमरावतीला आली की रेल्वेच्या डब्यातही जास्त माल बसतो आणि वाटेत भेसळीला व चोरीला वाव कमी होतो. यामुळे वाफेवरच्या प्रेस स्टेशनाला लागून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याभोवती व्होलकार्ट, रॅली यांसारख्या परदेशी पेढ्यांची खरेदी-केंद्रे आली. नकाशावर जुन्या प्रेसच्या जागा पाहिल्या तर त्या जवळजवळ नेहमी रेल्वेच्या बाजूला दिसतील. जुन्या बाजाराचे आणि बंजारा मार्गांवरचे जे गाव रेल्वेपासून लांब पडले, त्याची पेठ एका पिढीत ओस पडली. आपल्या गावात "पेठ" नावाचा भाग असेल आणि आज तिथे एकही दुकान नसेल, तर हे कारण आधी तपासा.

जिना आणि प्रेस गरजेपेक्षा जास्त झाल्यावर मालकांनी एकत्र येऊन दर ठरवण्याची पद्धत पाडली. तिला पूल म्हणत. काही कारखाने मुद्दाम बंद ठेवायचे, चालू कारखान्यांनी चढा दर घ्यायचा आणि नफ्यातला वाटा बंद कारखान्यांनाही द्यायचा. तालुक्यात जिनांच्या चिमण्या पुष्कळ दिसतात म्हणून तिथे चढाओढ होती असे गृहीत धरू नये. वर्षानुवर्षे बंद असूनही मालकाला पैसे देणारी चिमणी ही वऱ्हाड आणि खानदेशातली नेहमीची गोष्ट होती.

आता पैसा कुणाच्या हाती गेला हे पाहू. याचे उत्तर बाजाराच्या व्यवहारातच आहे. शेतकरी बंडी घेऊन बाजारात आला की तो अडत्याच्या ओट्यापाशी लागे. अडत्या त्याला वर्षभर उचल देणारा असे, कधी तोच सावकार असे, म्हणून दुसऱ्याकडे जाण्याची मोकळीक नावापुरती. खरेदीदाराचा आणि दलालाचा सौदा रुमालाखाली हात धरून, बोटांच्या खुणांनी होई. शेतकरी शेजारी उभा असूनही भाव त्याला शेवटी सांगितला जाई. मग तोल, आणि तोलानंतर कपाती. अडत, दलाली, तोलाई, हमाली यांना निदान कामाचे नाव होते. पण कडता (वजनातली सूट), धर्मादाय, गोरक्षण, नमुन्यासाठी काढलेला मूठमूठ कापूस, यांची भर पडून शेवटी हाती येणारी रक्कम ठरलेल्या भावाशी जुळत नसे. बाजारापर्यंत न येता गावातच माल विकणाऱ्याची स्थिती आणखी वाईट, कारण तिथे भाव पाहायलाही दुसरे कोणी नव्हते.

या बाजाराला कायद्याची चौकट पहिल्यांदा वऱ्हाडातच मिळाली, ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे, तिच्या मर्यादांसकट. कारंजा येथे १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, तो हिंदुस्थानातला पहिला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला: बाजाराची जागा ठरवून दिली, समिती नेमली, दलाल आणि तोलाऱ्यांना परवाने घ्यावे लागले, जवळपासच्या अनधिकृत बाजारांना बंदी आली. मात्र समितीत व्यापारी आणि नगरपालिकेची माणसे होती. ज्याचा माल तोलला जात होता त्या शेतकऱ्याला जागा नव्हती. शेतकऱ्यांच्या बंड्यांवरून जमा झालेले शुल्क बाजाराच्या सोयींसाठी खर्च न होता शहरांच्या नगरपालिकांच्या कामी जाई, ही तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. १९२८ च्या शेतीविषयक शाही आयोगानेही या कायद्यातल्या उणिवा नोंदवल्या आहेत. मध्य प्रांत-वऱ्हाडासाठी नवा कापूस बाजार कायदा १९३२ मध्ये आला. आजच्या बाजार समित्यांची मुळे इथपर्यंत पोहोचतात.

कारागिरांकडे येतो. इथे प्रत्येक धंदा वेगळा पाहावा लागतो.

कापडाच्या बाबतीत आधी गेली ती सूत कातणारी बाई, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी लिहिले गेले. गिरणीचे सूत आधी विलायतेहून, मग मुंबईहून, आणि १८७७ पासून नागपूरच्या एम्प्रेस मिलमधून येऊ लागले; बडनेऱ्यालाही १८८० च्या दशकात गिरणी निघाली. हातसूत त्यापुढे टिकणे शक्य नव्हते. विणकर मात्र लगेच गेला नाही. कोष्टी, साळी, मोमीन आणि जाडेभरडे कापड विणणारे महार यांनी गिरणीचे स्वस्त सूत घेऊन माग चालू ठेवले. काठापदराचे लांब लुगडे गिरणीला त्या काळी परवडणारे नव्हते, आणि कोणत्या जातीची, कोणत्या तालुक्याची बाई कोणता काठ नेसते हे विणकराला पाठ होते. घेणारीण जवळची होती म्हणून त्याचा माग चालला. उलट बाळापूरच्या पागोट्यांचे गिऱ्हाईक सरदार, कामदार आणि दरबारी मंडळी होती. ती राजवटच गेल्यावर पागोटे विणणाऱ्याला गावातल्या शेतकऱ्याचा आधार मिळाला नाही. अकोट आणि एलिचपूरच्या सतरंज्या दरम्यानच्या स्थितीत राहिल्या. सरकारी धोरणाचा हेतूही लपलेला नाही. कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस उघडच लिहिले आहे, की रेल्वेने विलायती कापड आत येईल, स्थानिक विणकाम कमी होईल, कच्चा कापूस जास्त बाहेर जाईल आणि मोकळे झालेले विणकर शेतमजुरीला लागतील. महार विणकरांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी घडले. त्यांपैकी अनेक घराणी शेतमजुरीला तर काही नागपूरच्या गिरण्यांत गेली.

रंगाऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. तांबड्या खारव्याचा (जाड्याभरड्या कापडाचा) रंग आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांपासून निघे, आणि आलीचे पीक काढायला जमीन सुमारे तीन वर्षे गुंतून राही. १८६९ मध्ये रसायनशाळेत कृत्रिम ॲलिझरीन तयार झाले आणि थोड्याच वर्षांत डब्यातला रंग बाजारात आला. रंगारी डब्यातला रंग वापरून टिकला, आल पिकवणारा शेतकरी मात्र त्या पिकातून कायमचा उठला. कागदात "रंगारी" आडनाव किंवा धंदा दिसतो म्हणून जुना रंगाचा उद्योग जिवंत होता असे समजू नका.

तेल्याच्या घाण्याचे अर्धे काम रॉकेलने नेले. दिव्यासाठी लागणारे करडई-तिळाचे तेल संपले, खाण्याचे राहिले, आणि जवस दाण्याच्या रूपातच बाहेर जाऊ लागले. याची एक बाजू लक्षात ठेवण्यासारखी आहे: रॉकेलचे रिकामे डबे कापून पत्र्याची भांडी, दिवे, मापे करणारा डबेवाला कारागीर तालुक्याच्या गावी उभा राहिला, तसाच शिवणाचे यंत्र घेऊन बसलेला शिंपी. हे नवे धंदे "देशी उद्योगाचा ऱ्हास" या एका शीर्षकाखाली बसत नाहीत म्हणून बहुतेक लेखक ते सोडून देतात. आपण सोडू नका.

सुतार-लोहारांचे तर कापसाने काम वाढवले. कापूस बाजारात न्यायचा तर बंडी हवी. बैलाच्या पाठीवरचा व्यापार संपला आणि दर गावात बंड्या वाढल्या. चाक करणे हे दोघांचे मिळून काम. सुतार बाभळीचा तुंबा कोरतो, त्यात आरे ठोकतो, वर लाकडी पाटांचा घेर जोडतो. लोहार लोखंडी पट्टीची धाव घेराहून जरा लहान मापाची करतो, गोवऱ्यांच्या जाळात चहूबाजूंनी लालभडक तापवतो, मग चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवतात आणि तिच्यावर भराभर पाणी ओततात. थंड होताना धाव आवळते आणि सारे सांधे आपोआप घट्ट होतात. यातले लोखंड आता विलायती पट्टीचे असे, कारण देशी लोखंड गाळण्याचे काम स्वस्त आयात मालापुढे बंद पडले होते. म्हणजे लोखंड गाळणारा गेला आणि ते घडवणारा राहिला. वखर, तिफण, डवरा यांची दुरुस्ती पेरणीच्या ऐन घाईत करायची असते, ती दूरच्या कारखान्याला करता येत नाही, म्हणून लोहार-सुताराचे बलुतेही इतरांपेक्षा जास्त टिकले. पण बलुते ज्वारीत मिळत असे. शेतात ज्वारीच्या जागी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वाढू लागली तसा शेतकरी बलुत्याऐवजी रोख देण्याकडे, आणि रोख नसेल तेव्हा टाळण्याकडे वळला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत याचे परिणाम उघडे पडले: कापूस पिकवणाऱ्या मुलखात रोख पैसा फिरत होता, पण घरात धान्य नव्हते, आणि ज्याला धान्यातच मोबदला मिळे तो बलुतेदार सर्वांत आधी रस्त्यावर आला. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २९ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली.

शेवटी कुठून सुरुवात करावी याबद्दल. आल्फ्रेड लायल यांचे वऱ्हाडचे १८७० चे गॅझेटिअर पहिल्यांदा वाचा, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे जिल्हा गॅझेटिअर. दोहोंत आपल्या भागाच्या बाजारांची आणि मालाची जी नावे पहिल्यात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत ती वेगळी काढा. तालुक्याच्या जमाबंदी (जमिनीचा सारा ठरवण्याच्या) अहवालांत आठवडी बाजार, रस्ते, बंड्या, माग यांच्याबद्दल कामाची माहिती मिळते. जनगणनेचे धंद्यांचे तक्ते वापरताना सावध राहा. दर गणनेत वर्गवारी बदललेली आहे आणि घरात कातणारी-विणणारी बाई कधी कामकरी तर कधी आश्रित म्हणून मोजली आहे. शिवाय १९११ ची गणना १० मार्चला झाली, म्हणजे जिनचा हंगाम अजून आटोपलेला नसताना. त्या वर्षी वीस किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांची स्वतंत्र मोजणी झाली, तीत दिसणारे जिन कामगार वर्षभराचे कामगार नव्हेत, पावसाळ्यात तेच लोक निंदणीला असतात.

१९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक घालणे सक्तीचे झाले आणि कारखान्यांना नोंदवह्या ठेवाव्या लागल्या. बंद पडलेल्या एखाद्या प्रेसच्या वारसांकडे अशा वह्या अजूनही पेट्यांत पडून असतात. त्या मागताना गाठींच्या वहीबरोबर हंगामी मजुरांची हजेरी आणि चुकारा लिहिलेली वहीही मागा, कारण गाठींचा हिशेब इतरत्रही कुठे ना कुठे मिळेल, मजुरांची नावे फक्त त्या वहीत असतील. आणि गावातल्या वृद्ध बायांशी बोलायचे असेल तर या वर्षीच बोला. त्यांच्या आयाआज्या कोणत्या जिनवर जात, रात्री परतायला सोबत कोण असे, मजुरी रोज मिळे की हप्त्याने, आणि ती कुणाच्या हातात पडे, हे चार प्रश्न आधी विचारा.